जर्मनचं पातेलं

पहाटे रंकाळ्यावरून निघाले तेव्हा
उसाच्या ट्रॉल्या अजून जाग्या व्हायच्या होत्या,
आणि गुऱ्हाळाचा धूर धुक्यात
नेमका कुठे मिसळतो, कळत नव्हतं.
मागच्या सीटवर कॅमेरा, तिकाटणं, भडंगाची पुडी
आणि वडलांच्या स्टुडिओतला पत्र्याचा डबा:
एकशे शहाऐंशी निगेटिव्ह,
ओळखपत्रांसाठी, सन एकोणऐंशी.

राधानगरी मागे पडली. झाडं बुटकी होत गेली,
मग नुसता सडा.
जांभ्यावर दंवानं चिकटलेलं वाळकं गवत.
माणूस दिसायच्या आधी खोकला ऐकू आला.
धाकू झोरे, डोक्यावरून घोंगडं.
"फोटोवाल्याची लेक न्हवं? नाक त्येच हाय."

पहिलं ड्रिल मशीन आलं, तो सांगतो,
तेव्हा खाली सोनं लागलंय अशी आवई उठली.
म्हणून सोनवाडी.
कंपनीच्या कागदावर नुसतं ब्लॉक अ ते ब्लॉक ड.
निघाली लाल माती.
ट्रक भरभरून घाट उतरली, कुठं कुठं गेली,
आणि बाजारात
जर्मनची पातेली होऊन परत आली.
"आमचाच डोंगर आमीच इकत घेतला.
झाकणाचं पैसं येगळं."
मी हसले. तो हसला नाही.

वजनकाटा. काट्याच्या खड्ड्यात पाणी, पाण्यात आभाळ.
टिपलं.
मस्टर रूम. खुंट्या मोजल्या, अठ्ठावीस.
भोंग्याचा खांब आहे, भोंगा नाही.
"देवळात न्हेलाय. आरतीला वाजीवत्यात."
शाळेच्या फळ्यावर 'पट' आणि 'हजर',
त्यांच्यापुढे काहीच नाही,
आणि पहिलीच्या वर्गात गव्याचं शेण,
ताजं, वाफ निघणारं.
बोटं इतकी गारठलेली
की बटण दाबलं की नाही, आवाजावरून ओळखायचं.

खरं सांगायचं तर फोटो बरे येत नव्हते.
पडक्या भिंती सगळीकडे सारख्याच पडतात.
पिंपळाला कुठलीही फट चालते.
असलं उदास, देखणं
मी कॅलेंडरांवर पाहिलंय,
विकलंयही.
मला त्याची लाज वाटायला लागली.

मग डबा उघडला.
ब्लॉक क, खोली बारा. खिडकीला काच नाही.
चौकटीत एकेक निगेटिव्ह आभाळासमोर धरली:
पांढऱ्या केसांची, काळ्या चेहऱ्यांची
विशी-पंचविशीतली माणसं.
हसू नका, वडील बजावायचे, कंपनीचं काम आहे.
धाकू डोळे बारीक करून वाचल्यासारखा बघत होता.
"ह्यो गणू कुऱ्हाडे.
ह्यो पोफळे, सुरुंगाच्या दिवशी कुणाला शिवू द्यायचा न्हाई.
ही चांगुणा. दगड निवडायची, लई भांडायची,
पर डबा इसरला तर निम्मी भाकरी हिचीच."

एक जण हसलेला होता.
एकशे शहाऐंशीत एकच. दात कोळशासारखे.
धाकूनं ती उलटी धरली, सुलटी धरली.
"ह्येला न्हाई बा वळखत."

डब्याच्या झाकणात वडलांच्या अक्षरात यादी आहे.
एकशे अकरा: झोरे धाकू बाबू, हेल्पर.

मी सांगितलं नाही.
का, ते घाट उतरतानाही ठरवता आलं नाही,
आज लिहितानाही नाही.

तीन दगडांवर त्यानं चहा ठेवला,
पोचे पडलेल्या पातेल्यात,
बाहेरून काळंकुट्ट, आतून पांढरंफटक.
त्याचा एक फोटो काढला.
तेवढा एकच बरा आला.

निघताना म्हणाला, माझाबी एक काढा की.
घोंगडं काढून घडी करून ठेवलं,
ओल्या हातानं केस बसवले,
पडक्या भिंतीला पाठ लावून
अगदी ताठ उभा राहिला.

"हसू का नगं?"

म्हशी पांगत होत्या.
लौकर सांगा, म्हणाला.